पिवळ्या भिंतीपुढची दोघं

डोळा टक टक करत चार पायऱ्या उतरला आणि माझ्या चपलेला टेकून थांबला.

मी वाकून उचलला. निळसर पांढरा, कडेला बारीक लाल शिरा, मधे तपकिरी बुबुळ आणि मागून वाटीसारखा पोकळ. इतका खरा, की माझ्याच तळहातावरून तो मला बघतोय असं वाटलं.

"ओरडू नका हं," वरून कोणीतरी घाईघाईने म्हणालं. "खोटा आहे तो."

"कळलं मला. ॲक्रिलिक आहे. पॉलिश छान झालंय."

वरच्या पायरीवर एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. एका हातात उघडी डबी, काखेत कॅनव्हास. ओरडणाऱ्या बायकांसाठी त्याने एक हसू तयार ठेवलं असावं... ते आता कुठे ठेवायचं, हे त्याला कळेना.

"लोक सहसा ओरडतात," तो म्हणाला.

"मी कवळ्या बनवते. माझ्या टेबलावर रोज वीस-पंचवीस माणसांचे दात मांडलेले असतात."

तो खाली आला. मी डोळा त्याच्या डबीत ठेवला. डबीत आणखी तीन होते, कापसात नीट झोपवलेले.

"म्हणजे तुम्ही दात, मी डोळे," तो म्हणाला. "नाक-कान करणारा एखादा गाठला, की माणूस पुरा होईल."

मला हसू आलं. आणि लगेच लाज वाटली, कारण सात महिन्यांतलं ते पहिलं हसू होतं.

सात महिन्यांपूर्वी माझी ताई गेली. सोमवारी अंगात कणकण होती, शनिवारी ती नव्हती. मागे राहिले जिजाजी, सहा वर्षांचा दादू आणि तीन वर्षांची बबडी. जिजाजी लिफ्ट दुरुस्त करतात. कुठल्या इमारतीत कोण कधी अडकेल याला काळवेळ नाही, म्हणून मी बॅग घेऊन त्यांच्याकडे राहायला आले. थोडे दिवस म्हणून. सकाळी मुलांचे डबे आणि शाळेचे बूट, दिवसभर लॅबमध्ये कवळ्या, संध्याकाळी खोकल्याचं औषध आणि गृहपाठ. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की वाटायचं, उद्याही हेच आहे. परवाही हेच. त्याच्या पुढचं मी बघतच नसे.

चित्रकलेच्या वर्गात माझं नाव ताईनेच घातलं होतं, आजारी पडायच्या महिनाभर आधी. "लोकांचे नुसते दातच किती दिवस करणार? आजूबाजूचा चेहरा पण कर की," असं म्हणाली होती. वर्ग सुरू होत असल्याचं पत्र आलं, ते जिजाजींनी माझ्या हातात ठेवलं. "रविवारी मी असतो घरी. जा तू." एवढंच बोलले. जिजाजी वाक्यं जपून वापरतात.

वर्ग त्याच पायऱ्यांच्या वर, सायकलच्या दुकानावरच्या लांबट खोलीत भरायचा. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, केस बारीक कापलेले, अंगातला एप्रन रंगाने इतका ताठ झालेला की काढून ठेवला तर उभा राहील.

"तैलरंगात माणसं रंगवायला शिकायचंय ना?" त्या म्हणाल्या. "मग तीन महिने जिवंत माणूस समोर बसवायचा नाही. हे चित्र बघायचं आणि पुन्हा करायचं. बस."

चित्राची छापील प्रत दोघांत एक होती. सगळ्यात उशिरा आम्ही दोघं पोचलो होतो, म्हणून आमच्या दोघांत एक.

चित्रात दोन मुलं होती. भाऊ आणि बहीण असावीत. मागे पिवळी भिंत – पिवळी म्हणजे डोळ्यात जाईल अशी. मुलाचा अर्धा चेहरा हिरवा, कान लालभडक. मुलगी त्याच्या कमरेएवढी, तिचे डोळे म्हणजे ब्रशचे दोन काळे फटकारे. दोघांनी हात धरले होते, पण बोटं कुठली कोणाची ते कळत नव्हतं. नारिंगी रंगाचा एक गोळा होता नुसता.

"हे... पूर्ण झालंय?" डोळेवाल्याने माझ्या कानाशी विचारलं.

"मला वाटतं, चित्रकाराकडचा कातडीचा रंग संपला असावा."

बाईंना ऐकू गेलं. "त्याच्याकडे सगळे रंग होते," त्या म्हणाल्या. "मुलं कशी दिसतात हे त्याला सांगायचंच नव्हतं. त्यांच्याकडे बघून त्याच्या पोटात काय झालं, ते सांगायचं होतं. अशा चित्रांना एक्स्प्रेशनिस्ट म्हणतात. शब्द विसरलात तरी चालेल. पोट विसरू नका."

मी खूप मन लावून काम केलं. चौथ्या रविवारी बाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"किती गोड मुलं आहेत," त्या म्हणाल्या. "साबणाच्या जाहिरातीत शोभतील." आणि रंगाच्या सुरीने त्यांनी माझ्या चित्रातल्या मुलाचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत खरवडून काढला.

शेजारी डोळेवाला हसू दाबत होता. बाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही हसू नका. तुम्ही दोन पोरांना भिंतीत पुरलंय आणि डोळे तेवढे बाहेर ठेवलेत."

खरं होतं. त्याची मुलं मातीच्या ढेकळांसारखी होती, आणि त्या ढेकळांत चार बुबुळं लखलखत होती. एकेका बुबुळात चाळीस-चाळीस रेषा, मोजून.

"माझा हात तिकडेच जातो हो," तो मला म्हणाला. "नऊ वर्षं दुसरं काही केलंच नाही. चेहऱ्याचा डोळ्याबाहेरचा भाग मला... गावाबाहेरचा वाटतो."

"मला डोळेच जमत नाहीत. मी ओठांपाशी पोचले की घरी आल्यासारखं वाटतं."

"मग सोपं आहे. तुम्ही खालून या, मी वरून येतो. नाकापाशी भेटू."

तो असंच बोलायचा. गंभीर तोंडाने, ब्रश पुसत. मी खाली मान घालून हिरव्यात पांढरा मिसळत राहायची आणि कान मात्र त्याच्या बाजूचा तापलेला असायचा. चित्रातल्या पोराच्या कानासारखाच असणार. बघायला आरसा नव्हता, हे बरं.

एका रविवारी वर्ग सुटल्यावर नळापाशी गर्दी होती. त्याने टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं माझ्यापुढे धरलं. मी हात पुसले, फडकं परत दिलं. तो घेईना. माझ्या बोटांकडे बघत थांबला.

"काय झालं?"

"टर्पेंटाइनच्या खाली... अजून एक वास आहे. तुमच्या हाताला."

मी हात मागे घेतला. तो वास जात नाही. ॲक्रिलिकची पूड ज्या द्रवात कालवतात त्याचा, गोडसर आणि नाकात चढणारा. साबण लावा, लिंबू चोळा, मुरलेलाच असतो. बबडी झोपताना माझा हात बाजूला सारते त्याच्यामुळे.

"घाण वाटते ना?"

"नाही, नाही." त्याने स्वतःचा हात माझ्या नाकापुढे धरला. तोच वास. अगदी तोच. "घरी सगळे नाक मुरडतात. मला वाटायचं, जगात असा वास येणारा मी एकटाच आहे."

आम्ही तसेच उभे राहिलो – एकमेकांच्या हाताचा वास घेत, नळाच्या रांगेत, शहाण्या माणसांसारखे. मागचा कोणीतरी खाकरला तेव्हा भानावर आलो.

त्यानंतर रविवार सोडून बाकीचे सहा दिवस मला लांब वाटायला लागले. आणि तसं वाटलं की पाठोपाठ भीती वाटायची. आनंदाची सवय मोडली की तो आला तरी माणूस दचकतं.

तशात एके दिवशी आई आली. बबडीला मांडीत घेऊन तिचे केस विंचरत म्हणाली, "किती दिवस अशी पाहुण्यासारखी राहणार आहेस?"

"मग जाऊ का?"

"जा कुठे म्हणतेय. कायमची राहा म्हणतेय." तिने कंगवा बबडीच्या गुंत्यात अडकवला. "नवीन वर्षाची शाळा सुरू व्हायच्या आत उरकून टाकू. चार माणसांत, साधंच. बाहेरची बाई आली तर ती बाहेरचीच राहील. तू मावशी आहेस."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"जिजाजींना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? त्यांच्यापुढे ताट ठेवलं तर जेवतात, नाही ठेवलं तर तसेच कामाला जातात."

"आई, ते ताईचे आहेत गं."

"ताई आहे कुठे?" आई म्हणाली. कंगवा तसाच केसांत ठेवून ती रडायला लागली. बबडी वळून तिच्याकडे बघत राहिली. तिला आता मोठ्यांच्या रडण्याचं काही वाटत नसे.

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. आमच्या घरात गप्प बसणं हे होकारातच धरतात.

पुढच्या रविवारी वर्ग सुटला आणि अवेळीच पावसाची सर आली. आम्ही सायकलच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहिलो. पाणी पागोळ्यांनी आमच्या पायांपुढे पडत होतं. मी आठवडाभर नीट झोपले नव्हते, ते त्याला दिसलं असणार. डोळ्यांखालचं त्याला सगळंच दिसायचं.

"एक सांगू?" तो म्हणाला. "गेल्या महिन्यात मी एक डोळा केला."

"तुमचं कामच आहे ते."

"गिऱ्हाईक नसलेला केला. पहिल्यांदाच." तो पागोळ्यांकडे बघून बोलत होता. "तुमचा. डावा. आठ वेळा केला... जमला नाही. तुमच्या बुबुळात एक पिवळा ठिपका आहे. घड्याळ धरलं तर काटा सातवर असतो ना, तिथे. तो कुठला पिवळा आहे तेच मला सापडत नाही."

मी विचारलं, "मग... आता?"

"आता काय." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आता अहो-जाहो थांबवू या का, एवढंच विचारायचं होतं."

मी हो म्हणाले. म्हणजे मान हलवली. आणि तिथेच, सायकलींच्या सुट्या चाकांच्या मधे उभं राहून त्याला सगळं सांगितलं. ताई, मुलं, आईने ठरवलेलं. पाऊस थांबला तरी आम्ही तिथेच होतो.

"आणि तुला काय हवंय?" त्याने विचारलं.

मला हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी त्याला पत्र आलं. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते म्हातारे गुरू समुद्रापलीकडच्या एका मुलांच्या दवाखान्यात काम करत होते. त्यांचा हात थरथरायला लागला होता. त्यांची जागा घ्यायला बोलावलं होतं.

"किती दिवसांसाठी?"

"दिवसांसाठी नाही गं... कायमचं." ब्रश त्याच्या हातात कोरडाच होता. "एकशे चाळीस मुलं आहेत त्यांच्याकडे. मूल वाढतं तशी डोळ्याची खोबण वाढते, म्हणून डोळा दर एक-दोन वर्षांनी नवा करावा लागतो. नाही केला तर चेहरा एका बाजूने बसत जातो. तिथे दुसरं कोणी नाही."

जाऊ नकोस, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "एक मुलगी आहे, चार वर्षांची. फोटो काढताना हाताने ती बाजू झाकते म्हणे." मग मला ते म्हणता आलं नाही.

"चल ना माझ्याबरोबर," तो म्हणाला. "दात तिथेही पडतात लोकांचे."

मी आठ दिवस मागितले.

घरी जिजाजी जेवणाच्या टेबलावर इस्त्री उघडून बसले होते. मुलं झोपली होती. मी समोर बसले आणि एका दमात विचारलं, "आई म्हणते ते तुम्हाला मान्य आहे?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "नाही."

मी वाट बघत राहिले.

"मला कोणाशीच लग्न करायचं नाही. तुझ्याशी तर नाहीच." ते इस्त्रीच्या उघड्या पोटाकडे बघत बोलत होते. "तू स्वयंपाकघरात भांडं ठेवलंस की आवाज तिच्यासारखा येतो. रोज दचकतो मी. तुझा काही दोष नाही त्यात." मग म्हणाले, "कोणी आहे का?"

मी मान हलवली.

"मग जा. मेव्हणी आहेस तू माझी, तुला बांधून नाही ठेवलेलं."

आठ वर्षांत त्यांच्या तोंडून मी एवढं एकदम कधी ऐकलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, ती आनंदाने. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एका आजोबांच्या कवळीला मी चुकून दोन सुळे जास्त लावले.

तो आनंद दीड दिवस टिकला. मग मी जाणार म्हटल्यावर मुलांचं काय, हे ठरवायला मोठी माणसं बसली. जिजाजींची बहीण आली, आई आली. भांडण झालं नाही, कोणी मला बोललंही नाही. सगळं समजूतदारपणे झालं, आणि तेच वाईट होतं. दोन मुलं एकत्र कोणालाच झेपणार नव्हती. आत्याला दोन मुलगे, दादूच्याच वयाचे. तर दादू आत्याकडे. बबडी आजीकडे. दोन्ही गावांमध्ये रेल्वेचा सहा तासांचा रस्ता. "सुट्टीत भेटतीलच की," आत्या म्हणाली. जिजाजी फरशीकडे बघत होते. त्यांनी हो म्हटलं, कारण रात्री-अपरात्री लिफ्टमध्ये अडकलेली माणसं त्यांनाच बोलावणार होती, आणि तेव्हा मुलांपाशी कोण?

शनिवारी संध्याकाळी मी मुलांचे कपडे दोन ढिगांत लावत होते. दादू दारात येऊन उभा राहिला. एका हाताने बबडीचा हात धरलेला, दुसऱ्या हातात वहीचा फाडलेला कागद.

"हे आजीला दे," तो म्हणाला.

मी वाचलं. अक्षरं वाकडीतिकडी, काही उलटी. *बबडीला रात्री पाणी लागतं. दूध नको म्हणाली तरी हवं असतं. ती अंधाराला भीत नाही पंख्याला भिते. लाल मोजे घालत नाही.* पुढे पाच आकडा घालून जागा मोकळी सोडली होती.

"हे पाचवं राहिलं का?"

"राहिलं नाही. ती उठली की आधी मला शोधते." तो जरा थांबला. "पण ते नाही लिहिलं. आजीला वाईट वाटेल, तिला शोधत नाही म्हणून."

"दादू... तुला जायचंय का आत्याकडे?"

"ठरलंय ना जायचं," तो म्हणाला.

तो रडत नव्हता. रुसलाही नव्हता. माझ्याकडे काही मागत नव्हता. नुसता उभा होता, आणि बबडीचा हात इतका घट्ट धरला होता की दोघांची बोटं वेगळी दिसत नव्हती. दिव्याचा उजेड एका बाजूने येत होता. त्याच्या गालाचा अंधारातला भाग खरोखरच हिरवा होता. भिंत आमची पांढरीच होती, पण ती मला दिसलीच नाही. तीन महिने जो चेहरा मी बघत होते, रंगवत होते, खरवडत होते, तो कोणाचा चेहरा आहे ते मला त्या क्षणी कळलं. ज्याला काही विचारलं गेलं नाही आणि ज्याने आता वाट बघणंही सोडून दिलंय, त्या पोराचा.

माझ्या पोटात जे झालं, ते मी सांगणार नाही. सांगता यायचं नाही.

रविवारी मी सगळ्यांच्या आधी वर्गात पोचले. कॅनव्हासवर होतं ते सगळं सुरीने काढलं आणि छापील चित्राकडे न बघता रंगवायला घेतलं. हिरवा थेट नळीतून लावला. कान लाल केला. मुलीचे डोळे दोन फटकाऱ्यांत, वाकडे गेले ते तसेच राहू दिले. लोक येत गेले, खुर्च्या सरकल्या, मला कोणी हाक मारली असेल तर ऐकू आली नाही. दोन तासांत झालं. हातांचा नारिंगी गोळा सगळ्यात शेवटी केला, बोटाने.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. सुरी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती एप्रनच्या खिशात ठेवली आणि पुढच्या विद्यार्थ्याच्या इझलकडे गेल्या.

मग तो आला. माझ्या खांद्याशी उभा राहून त्याने चित्र बघितलं. आधी डोळे बघितले असणार, सवयीने. मग खाली आला, ओठांपाशी थांबला, मग हातांपाशी. बराच वेळ तिथेच होता.

"तू येत नाहीयेस," तो म्हणाला.

मी ब्रश फडक्यात गुंडाळला. "त्यांना वेगळं करतायत. एक इकडे, एक तिकडे."

"दोघांना घेऊन चल."

"त्यांना बाप आहे रे. त्याच्याजवळ दुसरं काय उरलंय?"

"मग मी नाही जात."

त्याने ते खरंच म्हटलं होतं. आवाजावरून कळलं. मी हो म्हणाले असते तर तो राहिला असता, आणि राहिल्याचं त्याने मला कधी बोलून दाखवलं नसतं. नुसता एखाद्या संध्याकाळी खिडकीशी बसला असता, आणि मला कळलं असतं की तो एकशे चाळीस मुलं मोजतोय.

"तिचा हात कोण खाली घेणार मग?" मी विचारलं. "फोटो काढताना?"

वर्ग रिकामा होत होता. खाली सायकलच्या दुकानात कोणीतरी घंटी वाजवून बघत होतं, पुन्हा पुन्हा.

"वाट बघू?" त्याने विचारलं.

"नको."

"एवढं सरळ?"

"बबडी तीन वर्षांची आहे. किती वर्षं म्हणू मी तुला?" मी भरभर बोलत गेले. "आणि ऐक. मी अजून एकदाही म्हणाले नाही, तू विचारलं नाहीस म्हणून. मला तू आवडतोस. त्या पायऱ्यांवर भेटलास तेव्हापासून. दर शनिवारी मी आंघोळीच्या वेळी लिंबाने हात घासायची, आणि नळापाशी आपण उभे होतो ना, त्यानंतर घासायचे सोडून दिले. हे तुला माहीत असू दे. पण हा होकार नाही."

त्याने माझा हात उचलला, बोटांना लागलेल्या ओल्या नारिंगी रंगासकट, आणि स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला. आधी एका, मग दुसऱ्या. त्याच्या पापण्या ओल्या होत्या. माझ्या हाताखाली त्या हलल्या ते मला कळलं.

सोमवारी मी आईला सांगितलं, लग्न होणार नाही आणि मुलंही कुठे जाणार नाहीत. आई चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी लोणच्याची बरणी घेऊन आली. जिजाजींच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती, ती मी घेतली. मुलं जिना चढून झोपायला माझ्याकडे येतात, उतरून जेवायला खाली. जिजाजी रात्री कामाला निघाले की लिफ्ट न वापरता पायऱ्यांनी आधी वर येतात आणि माझं दार दोनदा वाजवतात. म्हणजे मी चाललो, मुलं तुझी.

तो त्याच महिन्यात गेला. निरोप द्यायला मी गेले नाही, कारण बबडीला गालगुंड झालं होतं. त्याची पत्रं यायची. त्या चार वर्षांच्या मुलीचा डोळा झाला, राखाडी, खूप कठीण रंग, असं त्याने पहिल्याच पत्रात लिहिलं. मी दादूच्या पडलेल्या दुधाच्या दातांबद्दल लिहायची. दीड वर्ष असं चाललं. आवडण्याबद्दल आम्ही दोघांनीही पुन्हा एक अक्षर लिहिलं नाही.

मग गेल्या महिन्यात एक पत्र आलं, नेहमीपेक्षा पातळ. दवाखान्यातल्या एका परिचारिकेबद्दल होतं. चांगली आहे, मुलांशी छान वागते. *तुला सांगितल्याशिवाय मी काही ठरवणार नाही,* असं शेवटी होतं. ते पत्र मी चार दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. पाचव्या दिवशी, लॅबमध्ये दुपारच्या सुट्टीत, प्लॅस्टरची धूळ पुसून कागद घेतला आणि लिहिलं – *ठरव. मनापासून सांगते.* मनापासून हा शब्द मी दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा लिहिला.

पेटीत पत्र टाकल्यावरही माझी बोटं फटीतच होती. आत पडल्याचा आवाज आला तेव्हा काढली. मग घड्याळ बघितलं. बबडीची शाळा सुटायला वीस मिनिटं होती, आणि दारात कोणी दिसलं नाही तर ती रडत नाही, नुसती उभी राहते. मी पळतच निघाले.